इझनिक ते काडिकॉय: एका अक्षराच्या मागावर

इस्तंबूलहून इझनिकला जायचं तर येनिकापीच्या धक्क्यावरून यालोव्याची बोट पकडा, आणि यालोव्याहून इझनिकची मिनीबस. ओरहानगाझीनंतर रस्ता सरोवराच्या उत्तर काठाने जातो, तेव्हा उजवीकडची खिडकी धरा. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारा. मी विचारलं नाही आणि रात्र तिथेच काढावी लागली. त्याचं वाईट वाटलं नाही, पण ठरवून राहिले असते तर खोली तरी बरी मिळाली असती.

इझनिक म्हणजे जुनं निकिया. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली ख्रिस्ती बिशपांना इथे सभेसाठी बोलावलं. परंपरा आकडा ३१८ सांगते. भांडण मूळचं अलेक्झांड्रियातलं. तिथला एरियस हा धर्मगुरू पुत्राबद्दल, म्हणजे ख्रिस्ताबद्दल, म्हणायचा, 'तो नव्हता, असं कधीतरी होतं.' त्याच्या ग्रीक वाक्यात 'काळ' हा शब्दच नाही, कारण पुत्र काळाच्याही आधीचा हे त्यालाही मान्य होतं. फक्त तो पित्यासारखा अनादी नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण त्या 'एवढंच'मध्ये सगळं आलं. सभेने मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, 'होमोऊसिओस' घातलं: पुत्र पित्याशी एकतत्त्व. पुढे काहींनी मधला मार्ग म्हणून 'होमोइऊसिओस', म्हणजे समान तत्त्वाचा, असा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये फरक एका आयोटाचा, म्हणजे 'इ' या एका अक्षराचा. आपल्याकडे 'तेच' आणि 'तसेच' यांच्यात एक 'स' जेवढा फरक करतो, तेवढा. तेच आणि तसेच यांवरून साम्राज्य पन्नासेक वर्षं भांडलं, म्हणून हसण्याआधी दोन्ही शब्द एकदा वाक्यात वापरून बघा.

आता खरं सांगते: ३२५ च्या सभेचं म्हणून दाखवता येईल असं गावात काहीच नाही. सभा राजवाड्यात भरली होती आणि तो राजवाडा नेमका कुठे होता, याचा पत्ता नाही. चौकातलं आयासोफ्या (इस्तंबूलचं नव्हे, इथलं त्याच नावाचं जुनं चर्च) पाहून 'इथेच ठरलं' असं लोक सांगतात, ते चूक. तिथली सभा ७८७ सालची, मूर्ती-चित्रांच्या वादाची. आज ती मशीद आहे, त्यामुळे नमाजाच्या वेळा टाळा आणि बायकांनी ओढणी जवळ ठेवा. आत अर्धवर्तुळात पाळकांसाठी बांधलेल्या दगडी पायऱ्या आहेत, त्या चुकवू नका.

सरोवरातली बॅसिलिका, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चचे अवशेष, २०१४ साली हवाई छायाचित्रांत दिसली. तीही सभेनंतरचीच. पाणी मागे हटल्यामुळे आता तिच्या भिंतींची रेघ उघडी पडली आहे. सभेला १७०० वर्षं झाली म्हणून पोप लिओ चौदावे आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क (प्रमुख धर्माधिकारी) बार्थोलोम्यू यांनी २८ नोव्हेंबर २०२५ रोजी याच अवशेषांपाशी प्रार्थना केली. संध्याकाळी जा, पाणी शांत असतं आणि सावल्या लांबल्या की पाया स्पष्ट दिसतो.

या वाटेवर मला सगळ्यात जास्त काही दिलं ते इस्तंबूलच्या आया इरिनी या जुन्या चर्चने. तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या अंगणात आहे. मंगळवारी बंद, बाकी दिवशी सकाळीच गाठा. याच वादावरची पुढची सभा, ३८१ ची, इथली मानतात. इमारत मात्र सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या काळची, आणि ७४० च्या भूकंपानंतर डागडुजी झालेली. चर्चमध्ये 'निकियाचा' म्हणून आपण जो म्हणतो, तो मतांगीकार बराचसा ३८१ चा आहे. निकियाचा मूळ मजकूर 'आणि पवित्र आत्म्यावर' म्हणून थांबतो आणि पुढे थेट एरियसचं मत मानणाऱ्यांना शाप येतात. आत्म्याविषयीचा विस्तार नंतरचा. मी दोन्ही मजकूर छापून नेले होते आणि रिकाम्या घुमटाखाली ओळीला ओळ लावून वाचले. तुम्हीही न्या, बाकी मार्गदर्शकाची गरज नाही. वर सोनेरी पार्श्वभूमीवर एकच काळा क्रूस आहे. इथे तासभर सहज जातो.

त्याच काळात निस्साचा बिशप ग्रेगरी याने तक्रार केली होती की या शहरात पावाचा भाव विचारला तर 'पिता मोठा, पुत्र धाकटा' असं ऐकायला मिळतं. मला काडिकॉयच्या बाजारात भावच ऐकू आले.

काडिकॉय म्हणजे जुनं खाल्किदोन, तिसऱ्या सभेचं गाव. एमिनोन्यूहून फेरीने वीसेक मिनिटं. ४५१ ची सभा आधी निकियालाच ठरली होती, पण सम्राट मार्सियनला हाकेच्या अंतरावर हवी होती म्हणून इकडे आणली. ख्रिस्त एक व्यक्ती, दोन स्वभाव, एक दैवी आणि एक मानवी; त्यांची सरमिसळ नाही की फारकत नाही, असं ठरलं. कॉप्टिक, सिरियाक, आर्मेनियन मंडळ्यांनी ते मानलं नाही आणि ती फूट अजून आहे. बाजारात संत युफेमियाचं ग्रीक चर्च दिसलं आणि मी भारावून बाकावर बसले. सभा याच संत युफेमियाच्या चर्चमध्ये भरली होती ना! अर्ध्या तासाने कळलं की सभेचं चर्च हे नव्हेच. ते कधीच नाहीसं झालं, हे फक्त नावाचं वारस.

खुद्द युफेमिया या हुतात्मा संत स्त्रीच्या अस्थी इस्तंबूलच्या फेनेर भागात, पॅट्रिआर्कांच्या संत जॉर्ज चर्चमध्ये आहेत. एमिनोन्यूहून ट्राम जाते, दारावर तपासणी होते, तिकीट नाही. आख्यायिका अशी की ४५१ च्या सभेतल्या दोन्ही पक्षांनी आपापलं मत लिहिलेलं पत्रक तिच्या थडग्यात ठेवलं आणि तिने दोन स्वभाव मानणाऱ्यांचं हातात धरलं, दुसरं पायाशी टाकलं. काडिकॉय आधी आणि फेनेर नंतर करा. उलट केलंत तर माझ्यासारखे बाजारात बसून राहाल.