हरणी, झटका पट्टा आणि माझा अंगठा : पोळा ते संक्रांत

कारवान, म्हणजे शिकारी जातीची सडपातळ, वेगवान कुत्री, पाळणाऱ्या दोघा-तिघांचे फोन येऊन गेले. "रिमोटचा पट्टा घेतलाव म्हणे, चालतो का?" रिमोटचं बटण दाबलं की कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका देतो, तो पट्टा. एका फोनवर सांगण्यासारखं ते उत्तर नाही. म्हणून वहीतल्या नोंदी इथं उतरवतोय. मधले कंटाळवाणे दिवस गाळलेत, चुका गाळलेल्या नाहीत.

हरणी पावणेदोन वर्षांची. कारवान मादी, तांबूस रंग, उदगीरकडच्याच एका ओळखीच्याकडून पिल्लू असताना आणलेली. ज्यांच्या दारात कारवान नाहीतर पश्मी (तिच्यासारखीच, पण केसाळ) आहे त्यांना स्वभाव सांगायला नको. घरी दिवसभर खाटेखाली गप, आणि शिवारात ससा उठला की मग ती आपली कुणी लागत नाही. आमच्या शेतात दोन विहिरी, त्यातल्या एकीला कठडा नाही. शेजारच्या शिवारातला एक कुत्रा रोह्यांच्या (नीलगायींच्या) मागं लागून रात्री तसल्याच विहिरीत गेला, सकाळी मोटार चालू करायला गेल्यावर दिसला. पलीकडं डांबरी रस्ता, त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मला पट्टा हवा होता तो एवढ्यासाठी. शिकारीसाठी विचारणारे असतील तर त्यांनी पुढं वाचू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, ससा आणि काळवीट दोन्ही त्यात येतात.

पोळ्याच्या आधी

पट्ट्याच्या आधीचे दोन महिने नुसती दोरी. दहा मीटरची नायलॉनची दोरी, छातीपट्ट्याला बांधलेली. गळ्याला बांधू नका. ही जात चार ढांगांत पूर्ण वेगाला जाते, दोरी संपली की तो सगळा हिसका मानेवर येतो. शिट्टी वाजवायची, ती वळली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. अंगणात, मग गोठ्यामागं, मग बांधावर, मग शेळ्या दिसतील इतक्या अंतरावर. दिवसाला पंधरा-वीस वेळा, त्याहून जास्त नाही.

पहिला पट्टा ऑनलाइन स्वस्तातला मागवला होता. स्वतःच्या हातावर लावून पाहिला. एक नंबरला काहीच नाही, दोनला काहीच नाही, तीनला हात उडाला. परत पाठवला. दुसरा घेतला त्यात शून्य ते शंभर पायऱ्या आहेत. हे नंबर कंपनीकंपनीत वेगळे असतात, तेव्हा "तुम्ही कितीवर ठेवता" या प्रश्नाला काही अर्थ नाही.

तो आला तरी काही आठवडे कपाटातच राहिला, कारण मधे एक अभ्यास वाचण्यात आला. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाचा, २०२० सालचा. मालकाच्या हाकेला न येणारी, जनावरांमागं धावणारी ६३ कुत्री, तीन गट. एका गटाला झटका पट्ट्यात तयार असलेले प्रशिक्षक, दुसऱ्याला तेच प्रशिक्षक पण पट्ट्याशिवाय, तिसऱ्याला फक्त बक्षिसावर शिकवणारे. पट्ट्याचा गट कशातच पुढं गेला नाही, उलट बक्षीसवाली कुत्री आज्ञा लवकर पाळू लागली. वेल्समध्ये तर या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, जर्मनीतही चालत नाहीत. आपल्याकडं १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यातलं कलम ११ विनाकारण वेदना देणं हा गुन्हा मानतं, हत्यार कुठलं का असेना. हे सगळं माहीत असून मी पट्टा कपाटातून बाहेर काढला. कठडा नसलेली विहीर डोळ्यासमोरून हलत नव्हती म्हणून काढला. बरोबर केलं की नाही यावर माझंच मत महिन्यातून दोनदा बदलतं.

पोळ्यानंतरचे बारा दिवस

पट्टा बंद. नुसता गळ्यात. शेतात निघताना बांधायचा, तासाभरानं काढायचा. पट्टा आला म्हणजे हिंडायला जायचं, एवढंच तिला कळावं. हे टाळलं तर कुत्रं पट्टा ओळखतं: असला की शहाणं, काढला की गाव उंडारायला मोकळं.

कारवानाची मान लांब आणि डोकं अरुंद, त्यामुळं पट्टा सैल राहिला की सरकतो, आणि मग आतल्या दोन धातूच्या टोकांतलं एकच कातडीला लागतं. कधी झटका बसतो, कधी नाही, आणि आपण वैतागून नंबर वाढवत बसतो. एक बोट जेमतेम आत जाईल इतका घट्ट, कानांच्या खाली वरच्या बाजूला. केस आखूड असल्यानं बुटकी टोकं पुरतात. काढल्यावर रोज त्या जागी बोट फिरवायचं. टोकं तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिली की जखम होते, लोकांना ती भाजल्यासारखी वाटते, पण असते दाबाची. आम्हाला मात्र तिथं गोचीड सापडला.

आईनं पहिल्या दिवशी पट्टा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाली, "आधी तुझ्या गळ्याला बांध, मग त्या मुक्या जीवाच्या." गळ्याला नाही, पण मनगटाच्या आतल्या बाजूला बांधला. मला बाराला मुंग्या आल्यासारखं लागलं.

गावात याला झटका मशीनच म्हणतात. रानडुकरांसाठी शेताला तार लावून सोलरवर चालवतात ते. त्यात तारेवर हजारो व्होल्टचा ठोका साधारण सेकंदाला एक असा पडत राहतो आणि काम एकच, जनावर मागं सरावं. मेंढरं घेऊन जाणारे मामा बांधावर थांबून म्हणाले, "म्हणजे कुत्र्यालाच तार बांधलालाव की." मी दहा मिनिटं समजावलं. नंतर वाटलं, मामांचं फार चुकलेलं नाही. ज्यांच्या हातात हे रिमोट असतं त्यातले निम्मे त्याला तारच समजून वापरतात.

पितृपक्ष

पातळी शोधली. संध्याकाळ, अंगण, कुणी नाही, दोरी लावलेली. शून्यापासून एकेक वाढवत जायचं. नऊला तिचा डावा कान हलला आणि तिनं माशी बसल्यासारखं मागं पाहिलं. तिथं थांबायचं. किंचाळली, अंग चोरलं, शेपूट आत गेलं तर आपण फार पुढं गेलो. थरथरीचं बटणही आहे. ते सौम्य असेल असं वाटून दाबलं, तर ती त्याला नऊच्या झटक्यापेक्षा जास्त दचकली. ते बटण तेव्हापासून बंद.

मग पंधरा दिवस हा क्रम. शिट्टी, लगेच नऊची टिचकी, दोरीनं हलकंसं आपल्याकडं, तिनं मान वळवली की त्याच क्षणी बटण सोडायचं, आली की कलेजी. शिट्टीचा अर्थ तिला दोरीवर आधीच कळलेला होता, त्यामुळं टिचकी म्हणजे "ऐकलंस ना" एवढंच झालं. अर्थ न शिकवता बटण दाबलं तर कुत्र्याला काय कळणार? आकाशातून काहीतरी चावलं, एवढंच.

पावसात भिजून आली त्या दिवशी नऊला तिनं मान झटकली. ओल्या अंगाला तोच नंबर जोरात लागतो असं धरून आता ओलं असलं की सहापासून सुरू करतो.

दसऱ्याच्या अलीकडं : गवताचा भारा

ही नोंद मोठी आहे, कारण पस्तावा इथंच झाला.

सोयाबीनची काढणी चालू होती. रिमोट पँटच्या खिशात, खिशात किल्ल्या, आणि नंबरची चकती किल्ल्यांना घासून फिरलेली. मी पाहिलं नाही. हरणी शेजाऱ्यांच्या करडामागं निघाली, शिट्टीला वळली नाही, मी दाबलं. नऊ समजून दाबलं ते सव्वीस होतं. ती किंचाळून हवेत उडाली. नेमक्या त्या वेळी बांधावरून शेजारच्या काकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होत्या, आणि हरणीचं तोंड त्यांच्याकडं होतं.

करडाशी त्या झटक्याचा संबंध तिनं जोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी करडामागं पुन्हा धावली. पण डोक्यावर भारा घेतलेलं माणूस दिसलं की पोट जमिनीला लावून खाटेखाली. काकूच नाही, कुणीही: सरपणवाली मावशी, कडब्याची पेंढी घेतलेला आमचा सालगडी. काकू दारात येऊन म्हणाल्या, "मी काय केलं रे बाबा हिला? मला बघून पळलाली की." काय सांगणार त्यांना.

ती भित्री निघाली म्हणून एवढ्यावर भागलं. दुसऱ्या स्वभावाचं कुत्रं असतं तर काकूंच्या पोटरीला लागलं असतं. आधीच चावरं किंवा बुजरं कुत्रं असेल तर हे यंत्र घरात आणू नका असं मी आता सगळ्यांना सांगतो. भुंकणं थांबवायला तर नाहीच. आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नाही.

पट्टा तीन आठवडे काढून ठेवला. काकूंना विनवलं. त्या रोज सांजच्याला भारा घेऊन आमच्या बांधावर थांबायच्या आणि लांबून कलेजीचा तुकडा टाकायच्या. पहिले चार दिवस तुकडा मुंग्यांनी खाल्ला. आठव्या दिवशी ती सरपटत जवळ गेली. दिवाळीच्या आसपास काकू दिसल्या की शेपूट हलायला लागलं, तरी सरपणवाल्या मावशीला ती आजही लांबून वळसा घालते. एक सेकंद दाबलेल्या बटणाचा हा हिशेब.

त्यानंतर रिमोट खिशात कधीच नाही. दोरीनं गळ्यात, चकतीवर डॉक्टरपट्टीचा तुकडा. दाबायच्या आधी नंबर बघायचाच.

दिवाळी ते येळवस

पुन्हा आठपासून सुरुवात. आता अंगठ्याचा अभ्यास माझा. ही जात ताशी ५० किलोमीटरनं धावतेय असं धरलं तरी सेकंदाला जवळपास चौदा मीटर. मी अर्धा सेकंद उशीर केला की ती सात मीटर पुढं गेलेली, आणि झटका भलत्याच गोष्टीला चिकटणार. म्हणून नियम असा केला की ती सुटल्यावर दाबायचंच नाही. कान ताठ झाले, पुढचा पाय उचलला, नजर अडकली, तेवढ्यात शिट्टी. वळली तर कलेजी. नाही वळली तरच टिचकी. सुटलीच तर दोरीवर पाय, आणि चूक माझी.

तुरीत पट्टा भरवशाचा नाही. डब्यावर आठशे मीटर लिहिलंय ते मोकळ्या माळावरचं. तूर डोक्याइतकी वाढली, मधे ओढ्याचा उतार आला की दीडशे पावलांवर रिमोट मुका होतो. तिला तिकडं सोडत नाही. चार्जिंगचीही एक गंमत आहे: पट्टा भरलेला आणि रिमोट रिकामा, असं दोनदा झालं. आता दोन्ही एकाच चार्जरवर, रात्री लाइट असेल तेव्हा.

वहीतले आकडे, फक्त टिचक्यांचे: कार्तिकाच्या पहिल्या आठवड्यात एकोणीस, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात बारा (शेजारी शेळ्या बसवल्या होत्या), चौथ्यात चार. शिट्ट्या मात्र दर आठवड्याला शंभराच्या घरात. कलेजीचा खर्च पट्ट्याच्या किमतीला कधीच ओलांडून गेला.

येळवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर. तीस-पस्तीस पाहुणे, पोरांचा गोंधळ. पट्टा घरीच ठेवला. पाहुण्यांत एकानं तरी "दाखव की कसं चालतंय" म्हणून रिमोट मागितलाच असता, आणि मी तो कुणाच्या हातात देणार नाही. हरणी छातीपट्टा आणि दोरीवर होती. जेवणं झाल्यावर मेव्हण्याच्या पोरानं हातातला उंडा लांब फेकला, ती झेपावली, मी शिट्टी दिली. अर्ध्या वाटेतून वळून आली. पट्टा नसताना. त्या दिवशी मी आंबील जरा जास्तच प्यालो.

संक्रांतीच्या आधी

सलग अकरा दिवस टिचकी शून्य. पट्टा बांधतोय, दाबत नाहीय. दोरी सोडून चौथा दिवस. कठडा नसलेल्या विहिरीला या मधल्या काळात काटेरी बोरीच्या फांद्या आणि तारेची जाळी लावून घेतली. दोन माणसं, एक दिवस. पट्टा घ्यायच्या आधी हे का सुचलं नाही, असं आईनं विचारलं.

परवा सकाळी हरभऱ्यातून ससा उठला. अंतर चाळीस पावलं. शिट्टी दिली. तिनं एक कान मागं केला, इतकं स्पष्ट दिसलं, आणि गेली. गळ्याशी हात नेला तर रिमोट नाही. आंघोळीला काढला होता, कोपीतल्या खुंटीला लटकत होता. चार मिनिटांनी ओढ्याच्या बाजूनं जीभ बाहेर काढून आली, तोंडात काही नाही, उजव्या पंजाला काटा. काटा काढला. आल्याबद्दल कलेजी दिली, ती द्यायचीच असते, कितीही राग आला तरी.

उद्यापासून दोरी पुन्हा, हरभरा निघेपर्यंत.