हे दूध कोणाचे? : क्लास आणि ऑब्जेक्ट समजून घेतानाचा माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था आहे. अप्पा तिचे सचिव असून, सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची नोंदवही गेली कित्येक वर्षे त्यांच्याच अक्षरात लिहिली जाते. मी बेळगावला बीसीए या संगणकाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग (प्रोग्राम ऑब्जेक्टच्या, म्हणजे वस्तूंच्या, रूपात रचण्याची पद्धत) हा विषय आला, आणि पुढचे जवळजवळ तीन महिने क्लास म्हणजे नेमके काय, हे मला उमगले नाही. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. क्लास म्हटले की शिकवणी आठवायची आणि पुस्तकी मराठीत त्याला वर्ग म्हणावे तर शाळेतली खोली डोळ्यांसमोर यायची.

आम्हाला गणपतीच्या साच्याचे उदाहरण देऊन शिकवले गेले : साचा म्हणजे क्लास आणि त्यातून निघालेली मूर्ती म्हणजे ऑब्जेक्ट. हे उदाहरण चुकीचे नाही, पण ते अर्ध्यावर थांबते, असे माझे आजचे मत आहे. मूर्ती साच्यातून बाहेर आली की तिच्यात पुढे काही घडत नाही. ऑब्जेक्टचे खरे आयुष्य मात्र तो तयार झाल्यानंतरच सुरू होते. त्याच्याजवळची माहिती बदलत राहते आणि ती कशी बदलायची याच्या कृती, म्हणजे मेथड, त्याच्या क्लासमध्ये लिहिलेल्या असतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अप्पांच्या वहीसाठी पायथॉन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहायला घेतला. सुरुवातीला क्लास वापरलाच नाही. सभासदांच्या नावांची एक यादी, लिटरची दुसरी आणि फॅटची तिसरी, अशा तीन याद्या केल्या. पहिल्या यादीतील पाचव्या नावाचे दूध दुसऱ्या यादीत पाचव्या जागी, असा हिशोब. दोन दिवस सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी नावे अकारविल्हे दिसावीत म्हणून मी फक्त नावांची यादी लावून घेतली, आणि संपूर्ण गावाचे दूध एकमेकांच्या नावावर गेले. अप्पांनी पडद्याकडे पाहून विचारले, “अगे, हे दूध कुणाच्या नावावर लावलीस?”

माझ्या तीन याद्यांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. माणूस एकीकडे, त्याचे दूध दुसरीकडे आणि दोघांना बांधणारा धागा केवळ माझ्या डोक्यात. अप्पांच्या कपाटात मात्र प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र पासबुक होते. छापखान्यातून कोरी पासबुके येतात तेव्हा कोणते रकाने असतील आणि बेरीज कुठे येईल हे ठरलेले असते, पण त्यात कोणाचेही दूध नसते. पासबुक सभासदाच्या हाती गेले की त्यातले आकडे त्याचे एकट्याचे होतात. त्या रात्री मी ‘सभासद’ नावाचा क्लास लिहिला. पायथॉन ३ मध्ये अशी नावे देवनागरीत देता येतात, आणि मला त्याचा फार आधार वाटला.

नंतर कळले की ही कल्पना अशाच प्रकारच्या गरजेतून आली होती. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्युगार्ड हे संगणकावर प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल करण्यासाठी भाषा घडवत होते, आणि त्यातून आलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट या संकल्पना प्रथम रूढ झाल्या. ज्या व्यवहारात एकाच प्रकारचे अनेक घटक असतात, पण प्रत्येकाची अवस्था वेगळी असते, तिथे त्या उपयोगी पडतात. सकाळी सहा वाजता आमच्या केंद्रासमोर किटल्या घेऊन उभी असलेली रांग तशीच असते.

पहिली अडचण ‘सेल्फ’ या शब्दाची आली. दूध जमा करण्याची मेथड मी कंस रिकामे ठेवून लिहिली आणि ती चालवल्यावर पायथॉनने तक्रार केली की, ही मेथड एकही मूल्य घेत नसताना तिला एक मूल्य दिले गेले आहे. मी तर काहीच दिले नव्हते. पुष्कळ वेळाने लक्षात आले की, एखाद्या ऑब्जेक्टच्या नावापुढे टिंब देऊन मेथड बोलावली, की पायथॉन तो ऑब्जेक्टच पहिले मूल्य म्हणून आत पाठवतो. मेथड क्लासमध्ये एकदाच लिहिलेली असते, सभासद मात्र दीडशे असतात. आत्ता कोणाच्या खात्यावर काम चालले आहे हे तिला सांगावेच लागते. सेल्फ म्हणजे काट्यापाशी या क्षणी उघडलेले पासबुक.

दुसरी चूक अधिक खोल होती. रोजच्या नोंदींसाठीची रिकामी यादी मी ‘इनिट’ या सुरुवातीच्या मेथडमध्ये न ठेवता थेट क्लासच्या मुख्य भागात ठेवली. एकाच्या खात्यावर चार लिटर जमा केले, तर ते सर्वांच्या खात्यांवर दिसू लागले. चमत्कारिक गोष्ट अशी की, एकूण लिटरचा आकडाही मी तिथेच ठेवला होता आणि तो मात्र ज्याचा त्याचा बरोबर येत होता. कारण असे की, क्लासमधली यादी क्लास तयार होताना एकदाच बनते आणि तिच्यात भर घातली की त्याच सामाईक यादीत भर पडते. आकड्यात मात्र सेल्फमार्फत बेरीज करून उत्तर ठेवले की त्या ऑब्जेक्टचा स्वतःचा नवा आकडा तयार होतो आणि क्लासमधला जुना तसाच राहतो. यादीची ओळ इनिटमध्ये हलवल्यावर प्रत्येक सभासदाला स्वतःची यादी मिळाली. एका ओळीची जागा बदलायला मला चार दिवस लागले, आणि तेवढ्या चार दिवसांत मी सबंध सत्रापेक्षा जास्त शिकले.

दरपत्रक सर्वांना सारखे, म्हणून ते क्लासच्या मुख्य भागात ठेवणे योग्यच वाटले. एका ठिकाणी बदलले की सर्वांना नवा दर लागू होतो. पण दर बदलल्यावर मागील आठवड्याची बिलेही नव्या दराने निघू लागली. अप्पांच्या वहीत प्रत्येक ओळीसमोर त्या दिवशीचा दर लिहिलेला असतो. तो रकाना मला इतके दिवस अनावश्यक वाटत होता. चालू दर सर्वांचा असतो, पण त्या सकाळी लागू झालेला दर त्या नोंदीचा असतो. म्हणून मी ‘नोंद’ हा दुसरा क्लास केला, ज्यात वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) आणि त्या वेळचा दर असतो. सभासदाच्या ऑब्जेक्टजवळ अशा नोंदींच्या ऑब्जेक्टची यादी असते.

आमच्या गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन सभासद आहेत. गावात त्यांना घराच्या जागेवरून ओळखतात. माझ्या प्रोग्राममध्ये तिघांची नावे अक्षर न् अक्षर जुळत असली, तरी ते तीन निराळे ऑब्जेक्ट होते, आणि दोन समान चिन्हे देऊन त्यांची तुलना केली तर उत्तर नकारार्थी येत होते. वेगळे काही लिहून दिले नसेल, तर आपण केलेल्या क्लासच्या दोन ऑब्जेक्टमध्ये ते एकच आहेत की नाहीत एवढेच पायथॉन पाहतो. मी नावाऐवजी सभासद क्रमांकावर शोध ठेवला.

जूनमध्ये दहा दिवसांचे बिल मी प्रोग्रामवर आणि अप्पांनी वहीवर स्वतंत्रपणे काढले, आणि सर्व रकमा जुळल्या. त्याच संध्याकाळी एक वृद्ध आजी खाते सुनेच्या नावावर करून घ्यायला आल्या. अप्पांनी जुने पासबुक काढले, नावावर एक रेघ मारली, वर सुनेचे नाव लिहून सही केली आणि मागची पाने तशीच ठेवली. मी प्रोग्राममध्ये त्याच ऑब्जेक्टचे फक्त नाव बदलले. क्रमांक आणि आजींच्या काळातल्या सगळ्या नोंदी होत्या तिथेच राहिल्या.