पाठीवर कुणाचे नाव?

लातूर. रविवार, ६ जुलै २०२५. आषाढी एकादशी.

साबुदाणा नीट भिजला आहे की नाही हे पाहायला सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तेवढ्यात छत्रपती संभाजीनगरहून भाच्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस आहे आणि त्याला मला आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबची जर्सी द्यायची आहे. गुपित ठेवायचे त्याच्या मनात होते, पण पाठीवर कुणाचे नाव छापायचे हे विचारल्याशिवाय त्याचे चालेना. "मामा, आत्ताच्या टीममधलं नको. तुमचा ऑल टाइम फेव्हरेट कोण ते सांगा. आणि संध्याकाळपर्यंत सांगा, दुकानदार आज रात्रीच छापणार आहे." सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. एकवीस वर्षे या संघाच्या मागे आहे, तेव्हा उत्तर जिभेच्या टोकावर असेल असे मला वाटत होते. ते नव्हते. दुपारपर्यंत विजेच्या बिलाच्या मागे चार नावे लिहिली आणि दोन खोडली. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या माणसाला चार पर्यायांतून एक निवडणे अवघड जाऊ नये. पण इथे उत्तरतालिका कुणाकडेच नाही, हीच तर अडचण आहे.

पहिले नाव लिहायला विचार करावा लागला नाही. २००४ साली मी औरंगाबादला (तेव्हा नाव तेच होते) वसतिगृहात राहत होतो. तिथल्या टीव्हीच्या खोलीत क्रिकेटशिवाय काही लागत नसे. एका मल्याळी मित्राने भांडून भांडून रविवारच्या रात्रीचे दोन तास फुटबॉलसाठी मिळवले होते. त्याच्या शेजारी बसून २५ एप्रिलला मी टॉटनहॅमविरुद्धचा सामना पाहिला. तो २-२ असा बरोबरीत सुटला, आणि प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर आर्सेनलचे प्रीमियर लीगचे विजेतेपद निश्चित झाले. त्या हंगामात ३८ सामन्यांपैकी २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरले नाहीत. ज्याने नुकताच खेळ पाहायला घेतला आहे, त्याला असा संघ पहिल्यांदा दिसावा हे भाग्य म्हणायचे की नुकसान, हे मला अजून ठरवता आलेले नाही, कारण पुढची कित्येक वर्षे मी त्याच मापाने सगळे मोजत राहिलो आणि दुःखी होत राहिलो.

त्या संघात थिएरी हेन्री होता. (समालोचक 'ऑन्री' म्हणत, आमच्या खोलीत तो शेवटपर्यंत हेन्रीच राहिला.) डाव्या बाजूने तो आत शिरायचा, क्षणभर थांबल्यासारखे करायचा, शरीर उघडून उजव्या पायाच्या आतल्या भागाने चेंडू गोलरक्षकाच्या पलीकडच्या कोपऱ्यात वळवायचा. काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचे आणि तरीही ते व्हायचे. क्लबसाठी त्याचे २२८ गोल झाले, आणि तो आकडा आजही आर्सेनलमध्ये कुणाला ओलांडता आलेला नाही. ७ मे २००६ रोजी हायबरी या जुन्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात विगनविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि वाकून गवताचे चुंबन घेतले.

त्यानंतर दहा दिवसांनी पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता, बार्सिलोनाविरुद्ध. मी सुटीत गावी आलो होतो. सामना आपल्याकडे मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झाला. अठराव्या मिनिटाला आमचा गोलरक्षक लेमन लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरीही सदतिसाव्या मिनिटाला सोल कॅम्पबेलने डोक्याने गोल केला. मध्यंतराच्या सुमारास वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते, वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आपण १-० ने पुढे आहोत हे मनात घोळवत मी अंगणातल्या बाजेवर झोपलो. सामना पहाटे दोननंतर संपल्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निकाल असणे शक्यच नव्हते, आणि गावात विचारणार कुणाला? बार्सिलोनाने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल करून सामना २-१ ने जिंकला, हे मला तिसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या बसस्थानकावर वर्तमानपत्र उघडल्यावर कळले. मधला दीड दिवस माझ्यापुरता आर्सेनल युरोपचा विजेता होता. त्या दीड दिवसात आईने न सांगता मी जनावरांचे शेण काढल्याची आठवण ती अजून काढते.

मग हेन्रीच का नको? दुपारभर याच प्रश्नाशी अडलो होतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात एक कणही तक्रार नाही. २००७ मध्ये तो त्याच बार्सिलोनाला गेला त्याबद्दलही नाही. पण त्याला पाहताना मला कधी काळजी वाटली नाही. तो करणारच, हे गृहीत असायचे. अशा माणसाचा आदर वाटतो, अभिमान वाटतो, त्याचे पोस्टर खोलीत लागते. मात्र त्याच्याविषयी रात्री अंथरुणात पडल्यावर आपण विचार करत नाही.

डेनिस बर्गकॅम्पचे नाव मी स्वतःशी प्रामाणिक राहून खोडले. २ मार्च २००२ रोजी न्यूकॅसलविरुद्ध त्याने गोलकडे पाठ असताना आलेला चेंडू एका स्पर्शात बचावपटूच्या एका बाजूने काढला, स्वतः दुसऱ्या बाजूने वळला आणि गोल केला. तो गोल मी शंभर वेळा तरी पाहिला असेल, पण सगळ्या शंभर वेळा नंतर, संगणकाच्या पडद्यावर. त्याचा बहराचा काळ माझ्या आधीचा होता. विमानाची त्याला भीती वाटायची, म्हणून युरोपातल्या लांबच्या सामन्यांना तो जायचाच नाही, ही गोष्ट मला त्याच्या गोलांइतकीच आवडते. तरीही ती भक्ती उसनी आहे. टोनी ॲडम्सचेही तसेच: सगळी कारकीर्द एकाच क्लबात, ६६९ सामने, आणि मैदानाबाहेर त्याचा पुतळा, पण मी पाहायला लागलो तेव्हा त्याला निवृत्त होऊन दीड वर्ष उलटले होते. ज्याचे वाईट दिवस आपण पाहिलेले नाहीत त्याला आपला आवडता म्हणणे हे वंशावळ पाठ करण्यासारखे आहे.

उरले चौथे नाव. ते लिहिताना मी स्वतःच थोडा दचकलो होतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात, आधीच्या हंगामात ३७ गोल करणारा आमचा कर्णधार व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला निघून गेला. त्याच महिन्यात मालागाकडून पाच फूट सहा इंच उंचीचा, कायम हसतमुख असणारा सांती काझोर्ला आला. घर सोडून गेलेल्याच्या दुःखात आलेल्या पाहुण्याकडे लक्ष जात नाही, तसे पहिले काही आठवडे माझे झाले. मग एका सामन्यात त्याने एका बाजूचा कॉर्नर उजव्या पायाने घेतला आणि दुसऱ्या बाजूचा डाव्या पायाने. पाय बदलताना काही वेगळे करतो आहोत असा आविर्भाव नव्हता, जसे आपण पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो तसे. मी आबांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की असा बैल हजारात एक निघतो, जुवाच्या कोणत्याही बाजूला जुंपा, तो चालतो. फुटबॉलवर त्यांनी केलेले हे पहिले भाष्य.

काझोर्लाचा खेळ समजायला गोल मोजून उपयोग नाही; आर्सेनलसाठी १८० सामन्यांत त्याचे २९ गोल आहेत. तो पाहावा तो पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू घेताना. एक खांदा किंचित खाली जायचा, समोरचा त्या बाजूला झुकायचा, आणि तोवर हा दुसऱ्या पायाने विरुद्ध दिशेला निघून गेलेला असायचा. इतर खेळाडूंना अशा वेळी कोणत्या पायावर चेंडू घ्यायचा हे आधी ठरवावे लागते आणि ते ठरवणे समोरच्याला दिसते. याला ठरवावेच लागत नसे, म्हणून दिसतही नसे. जानेवारी २०१५ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर आम्ही २-० ने जिंकलो तेव्हा त्याने पेनल्टीवर गोल केला खरा, पण मला आठवतो तो मैदानाच्या मधोमध धिप्पाड माणसांच्या घोळक्यातून चेंडू घेऊन निसटणारा, लग्नघरात पाहुण्यांच्या गर्दीतून ताट सांडू न देता नेणाऱ्या पोरासारखा.

आणि १७ मे २०१४. आदल्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले होते, चौकातला गुलाल अजून निघाला नव्हता. इंग्लंडमधल्या एफए कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हल सिटीने आठ मिनिटांत दोन गोल केले. नऊ वर्षे आम्ही एकही चषक जिंकला नव्हता, आणि आता पुन्हा तेच, असे म्हणून मी टीव्ही बंद करायला उठलो. सतराव्या मिनिटाला काझोर्लाने लांबून फ्री किक मारली. मी रिमोट हातात घेऊन उभा होतो. चेंडू वर कोपऱ्यात गेला, आणि मी उभाच राहिलो. पुढे कोसिएल्नीने बरोबरी केली, जादा वेळेत रॅमसीने तिसरा गोल केला आणि चषक आला. इतिहासात नाव रॅमसीचे आहे. माझ्या हिशेबात तो सामना सतराव्या मिनिटाला फिरला.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या लुडोगोरेट्सविरुद्धच्या सामन्यानंतर तो आर्सेनलसाठी पुन्हा खेळला नाही. घोट्याचे दुखणे, एवढीच बातमी वर्षभर येत राहिली.

२०१७ च्या दिवाळीत आबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. साखरेचा आजार जुना. त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितले नाही, हळद लावून फिरत राहिले. एका डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असे सांगितले, दुसऱ्यांनी प्रयत्न करू म्हटले. मांडीचे कातडे काढून टाचेवर लावले. त्या नोव्हेंबरात रोज रात्री मी त्यांच्या खाटेजवळ बसत असे, आणि तिथेच एका रात्री मोबाइलवर काझोर्लाची पूर्ण हकीकत वाचली. जंतुसंसर्गाने त्याच्या टाचेजवळच्या स्नायुबंधाचे सुमारे आठ सेंटीमीटर खाऊन टाकले होते. आठ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. बागेत मुलासोबत चालता आले तरी समाधान मान, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. जखम झाकायला डाव्या हाताचे कातडे घेतले, आणि त्या हातावर त्याने मुलीचे नाव गोंदवले होते (योगायोगाने ते आपल्या देशाचेच इंग्रजी नाव आहे), त्यातली अर्धी अक्षरे आता घोट्यावर आली होती. सोबत छायाचित्र होते. मी ते मोठे करून पाहत होतो.

"काय बघलालास रं येवढ्या रातच्याला?" आबा जागे होते.

"फुटबॉलवाला हाय एक. त्येच्या पायाला बी असंच झालंय."

"मंग? काढला का पाय?"

"न्हाई. हाताचं कातडं लावलंय."

ते थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. "मंग चालतंय," म्हणाले आणि कुशीवर वळले.

आबांचा पाय वाचला, करंगळी गेली. आषाढीची पायी वारी मात्र सुटली. दोन-तीन वर्षे एसटीने पंढरपूरला गेले, आज घरी टीव्हीपुढे बसून आहेत. काझोर्ला २०१८ मध्ये विलारियालकडून मैदानात उतरला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याने रेआल माद्रिदविरुद्ध दोन गोल केले. ते मी आबांना फोन करून सांगितले. तेव्हापासून त्यांच्या लेखी तो 'तुझा त्यो पायवाला' आहे, आणि बोलणे संपवताना ते पाऊसपाण्यासारखी त्याचीही चौकशी करतात. २०२३ मध्ये तो बालपणीच्या ओव्हिएदो क्लबात परतला, दुसऱ्या श्रेणीत, किमान वेतनावर. गेल्या २१ जूनला त्याच संघाने मिरांदेसला जादा वेळेत ३-१ ने हरवले आणि २४ वर्षांनी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळवला. त्या तीन गोलांतला पहिला, पेनल्टीवरचा, चाळीस वर्षांच्या काझोर्लाचा.

भाचा म्हणेल की यातले निम्मे आर्सेनल सोडल्यानंतरचे आहे, ते कसे धरता? हा आक्षेप मी स्वतःच दोनदा घेऊन पाहिला. केवळ त्या शेवटच्या भागावर मी त्याला निवडत असतो तर तो रास्तही होता. पण २०१४ च्या त्या सतराव्या मिनिटालाच तो माझा झाला होता, पुढचे सगळे मी त्याच नात्याने पाहिले. हेन्री दुखावला असता तर मी संघाची चिंता केली असती. याच्या वेळी मी संघ विसरून त्याच्या पायाची चिंता केली.

संध्याकाळी भगर खाऊन भाच्याला कळवले: काझोर्ला, १९ नंबर. मला वाटले होते तो हेन्रीसाठी हट्ट धरेल. पाच मिनिटांनी त्याचा दुकानातून फोन आला. "मामा, त्याच्या जर्सीवर नुसतं काझोर्ला नव्हतं, आधी एस आणि टिंब होतं. दुकानदार अक्षरामागे पैसे घेतोय, आणि म्हणतोय टिंबही एक अक्षरच धरणार. गाळू का?"

टिंबासकट छाप म्हणालो.