यंत्र विक्रीला येण्याआधी चाळवाले जोडताना: माझा अनुभव

कांदा चाळीतली, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधली, हवा मोजून सड पसरण्याआधी इशारा देणारं यंत्र आम्ही नाशिकमध्ये बनवतोय. ते विक्रीला येण्याआधी निफाड, चांदवड, देवळा भागातले चाळवाले जोडायला घेतले. ‘लवकरच येतंय’ एवढ्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप टिकत नाही. पंधरवड्यात तिथे सुप्रभात आणि बाजारभाव एवढंच उरतं. यंत्र येईपर्यंत लोकांच्या हाताला काम लागतं, आणि त्या कामाचा फायदा त्यांना त्याच हंगामात दिसावा लागतो.

वेळ कांद्याची धरायची. उन्हाळ कांदा मार्चपासून निघू लागतो, चाळी एप्रिल-मेपर्यंत भरतात, सड जोर धरते ती पावसाळ्याच्या दमट हवेत. म्हणून बैठका फेब्रुवारीतच. त्याही संध्याकाळी, डेअरीला दूध घालून झाल्यावर; सकाळी निम्मं गाव ट्रॅक्टर घेऊन लिलावात असतं. सरकारी अनुदानातून बांधलेल्या बऱ्याच चाळी ५ ते २५ टनांच्या, बांधणीही मिळतीजुळती, त्यामुळे तिथून सुरुवात केली की तुलना करता येते. व्यापारी याच ग्रुपात घेऊ नयेत. ते असले की चाळीत माल किती शिल्लक आहे हे कोणीही लिहीत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

काम दिलं ते घट, म्हणजे साठवणीत कमी होणारं वजन, मोजायचं. भरतानाच २० किलो निवडक कांदा जाळीच्या गोणीत तोलायचा आणि अशा तीन गोण्या ठेवायच्या: एक कडेला, एक वरच्या थरात, एक मधोमध. पहिल्या दोन दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर तोलायच्या. काटा बदलला की नोंद वाया, कारण शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक काट्याचाच असू शकतो. मधली गोणी चाळ फोडेपर्यंत, म्हणजे माल बाहेर काढेपर्यंत, हाती लागत नाही. तिला रंगीत सुतळी बांधून टोक बाहेर काढायचं, नाहीतर मजूर ती बाकीच्या मालात ओततात. शेवटी सडका, कोंब आलेला, काजळी (काळी बुरशी) धरलेला असं वेगळं तोलायचं. नुसतं ‘खराब’ लिहिलं तर काही कळत नाही. कोंब आणि सड यांची कारणं वेगळी.

सोबत आर्द्रता मापक दिले. स्वस्तातले दोन मापक शेजारी ठेवले तरी एक आकडा दाखवत नाहीत, आणि मग ग्रुपात वाद. उपाय घरातला: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे थोडे थेंब, ओलसर लगदा होईल एवढेच. झाकण आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. ७० दिसलं तर मापकाच्या पाठीवर मार्करने ‘+५’. मीठ पूर्ण विरघळलं तर पाणी जास्त झालं, पुन्हा करा.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फसवी. ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो, म्हणून बैठकीतच समोर सेव्ह करून घ्यायचा. नोंदींच्या ग्रुपात फक्त काट्याचा फोटो आणि गोणीचा क्रमांक. भावाची चर्चा दुसऱ्या ग्रुपात. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीसारखं काही झालं की सगळे त्यावरच बोलणार, आणि बोलावंच. आकडे त्यात वाहून जाऊ नयेत एवढंच. लांब मजकूर कोणी वाचत नाही, तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप ऐकतात.

गावात यंत्र उघडून दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाकावा. आधी जाहीर दाखवलं तर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

आगाऊ पैशांचा आग्रह लोकच धरतात: “दादा, हजार घ्या, पण पहिलं यंत्र मला.” कंपनी असेल तर जपून. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत हिशेबात वळती झाली नाही तर कायद्याने ती ठेव धरली जाऊ शकते, आणि नव्या उत्पादनाला वर्ष सहज उलटतं. आम्ही फक्त नावांची क्रमवारी ठेवतो, आणि तीही नोंदींच्या नियमितपणावर. तिन्ही गोण्यांचा हिशेब शेवटपर्यंत दिलेला शेतकरी वर. सरपंचाचा फोन आला तरी क्रम हलत नाही.