ये की!

सांगलीत विश्रामबाग चौकात कुणाची वाट बघत उभं राहून फोन लावला आणि ‘कुठं आहेस?’ विचारलं, की पलीकडून उत्तर येतं, ‘येतोय की!’ दोनच शब्द. त्यातला पहिला एकटाच केवढा भार उचलतो बघा. येणं चालू आहे, येणारा पुरुष आहे, आणि बोलणारा तोच असल्यामुळं ‘मी’ वेगळा सांगायची गरज नाही. बाई असती तर ‘येतेय’ झालं असतं, आणि सांगलीच्या तोंडी ‘येतीय’. इंग्रजीत एवढ्याच कामाला तिघं लागतात : ‘आय ॲम कमिंग’. ‘कमिंग’वरून येणारा बाई की पुरुष, एक की अनेक, काहीच कळत नाही. ‘ॲम’ आधाराला लागतो, आणि दोघांच्या पुढं ‘आय’ लागतो.

मराठी सर्वनाम घरच्या माणसासारखं असतं. दिसलं नाही तरी आत कुठंतरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इंग्रजी सर्वनामाला मात्र हजेरी द्यावीच लागते. पाऊस पडतो तेव्हा पाडणारा कुणी नसतो, तरी ‘इट’ला उभं करून ‘इट इज रेनिंग’ म्हणायचं.

आता दुसरा शब्द, ‘की’. बस की, आहे की, जाऊया की. कृष्णाकाठी हा शेपटासारखा ‘की’ लागल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. त्यात आग्रह असतो, खात्री असते, कधी थोडा वैतागही असतो. याला इंग्रजी शब्द शोधत बसू नये, कारण इंग्रजी हे काम शब्दानं करत नाही, क्रियापदावर दाब देऊन करते. ‘आय ॲम कमिंग’ म्हणताना ‘ॲम’ ठासून म्हटला की झालं ‘येतोय की’. जिथं ठासायला सहायक क्रियापदच नाही तिथं बाहेरून ‘डू’ बोलावतात. ‘माहिताय की’ म्हणजे ‘आय डू नो’. ‘भडंग घ्या की’ म्हणजे ‘डू हॅव सम भडंग’. प्रश्नात आणि नकारात येणारा ‘डू’ सगळे पाठ करतात. आग्रहाचा ‘डू’ फारसा कुणी वापरत नाही, आणि ज्या मुलखात बशी रिकामी दिसली की पुन्हा भरतात तिथं तरी तो यायला हवा होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं ते इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर. सर्वनाम, क्रियापद, उभयान्वयी अव्यय अशी प्रकरणं शाळेत आजही एकेक करून शिकवली जातात. पण मराठीतून इंग्रजीत जाताना चुका होतात त्या हे तिघं एका वाक्यात भेटल्यावर. आणि मराठीत त्यांची गाठ पडते ती बहुतेक वेळा ‘की’पाशीच.

घरात रोज बोललं जाणारं वाक्य घ्या : ‘दादा म्हणाला की मी मिरजेत पोचलोय, उद्या सकाळी येतो.’ याचं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी होतं, ‘दादा टोल्ड दॅट आय हॅव रीच्ड मिरज, आय विल कम टुमॉरो मॉर्निंग.’ ऐकणारा गोंधळतो, कारण सांगणारा तर सांगलीत त्याच्यासमोर बसलाय आणि मिरजेत पोचलोय म्हणतोय. मराठी ‘की’ निरोप जसाच्या तसा पोचवतो, दादाच्या आवाजासकट, म्हणून आतला ‘मी’ दादाचाच राहतो. इंग्रजी ‘दॅट’ निरोप सांगणाऱ्याच्या जागेवरून सांगतो. त्याच्या पलीकडं दादाचा ‘आय’ जात नाही.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा. आधी विचारायचं, हा ‘मी’ कोण? दादा. म्हणजे ‘ही’. मग बघायचं, म्हणाला की म्हणतोय? म्हणाला, म्हणजे आतलं क्रियापदही एक पायरी मागं सरकणार : ‘हॅव’चा ‘हॅड’, ‘विल’चा ‘वुड’. काळवाचक शब्द सगळ्यात शेवटी. निरोप शिळा झाला असेल तर ‘टुमॉरो मॉर्निंग’चं ‘द नेक्स्ट मॉर्निंग’ होतं. मराठीत दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर शेजारी बसली होती, इंग्रजीत मध्ये ‘अँड’ घालावा लागतो. शेवटी तयार होतं ते असं : ‘दादा सेड दॅट ही हॅड रीच्ड मिरज अँड वुड कम द नेक्स्ट मॉर्निंग.’ ‘अँड’ आला म्हणून ‘वुड’च्या आधी ‘ही’ पुन्हा म्हणावा लागला नाही. इंग्रजी सर्वनामाला सुट्टी मिळते ती बहुधा अशीच. आणि ‘टोल्ड’ काढून ‘सेड’ घेतला, कारण ‘टोल्ड’ला कुणाला सांगितलं ते लगेच लागतं : ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड आई’. निरोप ताजा असेल, दादा अजून मिरजेतच असेल, तर एवढा खटाटोप नको. ‘दादा सेज ही हॅज रीच्ड मिरज’ म्हणून मोकळं व्हावं. यात ‘दॅट’ही गळाला, बोलताना तो सर्रास गळतो. क्रियापदापासून सुरुवात केली तर मात्र घोळ होतो. ‘हॅड’ बरोबर येतो आणि ‘आय’ तसाच राहतो.

दुसरा ‘की’ पावसाळ्यातला. ‘पाऊस थांबला की निघू.’ पाऊस अजून कोसळतोय, तरी आपण ‘थांबला’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, घटना पुढची. मराठीत या रूपाला काळापेक्षा काम पुरं होण्याशी मतलब असतो. इंग्रजीत जाताना कुणी ‘स्टॉप्ड’ लिहितं, कुणी फार विचार करून ‘विल स्टॉप’. दोन्ही नकोत : ‘व्हेन द रेन स्टॉप्स, वुई विल लीव्ह.’ ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अन्टिल’ काळ किंवा अट दाखवायला लागले की त्यांच्या वाक्यात ‘विल’ येत नाही, तो शेजारच्या वाक्यात एकदा आला की दोघांना पुरतो. त्या ‘वुई’मध्ये समोरचा माणूस धरलाय की नाही, हे मात्र कळत नाही. ‘आपण निघू’ आणि ‘आम्ही निघतो’ यांत एकाच्या छत्रीचा प्रश्न असतो, आणि इंग्रजी तो अधांतरी सोडते.

‘अन्टिल’चा फास आणखी वेगळा. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यातला ‘नाही’ इमानदारीनं उतरवला की ‘वेट अन्टिल ही डझन्ट कम’ होतं, म्हणजे त्याचं येणं बंद होईपर्यंत थांब. हवं असतं ‘वेट अन्टिल ही कम्स’. ‘अनलेस’च्या तर पोटातच नकार आहे, त्याला वरून दुसरा देऊ नये.

मराठी अव्ययांना जोडीनं चालायची सवय. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. आटपाडीकडची खिलारं जशी. इंग्रजी गाडीला एकच बैल. ‘दो इट वॉज रेनिंग, बट ही केम’ यात दोन जुंपले गेले. ‘दो’ ठेवा नाहीतर ‘बट’ ठेवा. ‘इफ’बरोबर ‘देन’ चालून जातो, पण लागतोच असं नाही.

आदराचंही तसंच. ‘सर आलेत’ म्हणून ‘सर हॅव कम’ लिहिलं जातं. इंग्रजीत सर एकटेच, म्हणून ‘हॅज’. तिथं आदर क्रियापदात नसतो. ‘यू’ मूळचा अनेकवचनी, पुढं आदरार्थीही झाला, एकट्याला ‘दाऊ’ होता. तो मागं पडला आणि ‘यू’ सगळ्यांना लागू झाला. एकट्या माणसालाही ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही, ते त्या जुन्या अनेकवचनामुळं.

राहिला ‘ना’. ‘येणार ना?’, ‘जेवलास ना?’, ‘सांगलीचीच ना ती?’ सगळ्यांना एकच ‘ना’ पुरतो, म्हणून सगळ्यांना ‘इजन्ट इट’ चिकटवलं जातं. इंग्रजीत त्या शेपटासाठी वाक्यातलंच सर्वनाम आणि वाक्यातलंच सहायक क्रियापद (ते नसेल तर ‘डू’चं रूप) परत घ्यावं लागतं, होकार-नकार उलटा करून : ‘यू आर कमिंग, आर्न्ट यू?’, ‘यू एट, डिडन्ट यू?’ उत्तर देताना त्याहून जपावं. ‘तू जेवायला नाहीस ना?’ याला आपण ‘हो’ म्हणतो, म्हणजे तुझं बरोबर आहे, मी नाही. इंग्रजी मात्र प्रश्नाकडं बघत नाही, जेवणार की नाही एवढंच बघते. तिथं म्हणायचं ‘नो, आय ॲम नॉट’. सवयीनं ‘यस’ गेलं तर स्वयंपाकघरात एक ताट जास्त वाढून ठेवलेलं असतं.