कुत्र्याकडून नातेवाईक

मैत्रिणीने विचारलं रविवारी सकाळी काय करतेयस, मी म्हटलं झोपणारे, ती म्हणाली मग इकडे ये, टी-शर्ट मिळेल. एवढ्या भांडवलावर मी असिस्टन्स डॉगवाल्यांच्या, म्हणजे अंध, कर्णबधिर अशा माणसांच्या मदतीला कुत्रे शिकवून देणाऱ्यांच्या फंडरेझर वॉकला गेले. टी-शर्ट मिळाला, फक्त एकाच्या जागी दोन खोकी भरून मिळाले, ते विकायचे होते आणि विकता विकता येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फॉर्म पण भरून घ्यायचे होते.

फॉर्म साधाच. नाव, फोन, कुत्र्याचं नाव, इमर्जन्सी काँटॅक्ट, आणि त्याच्या पुढ्यात तो एक छोटासा रकाना असतो ना, ‘नातं’, तो. एरवी आपण तिथे नवरा, आई, भाऊ असं काहीतरी खरडून मोकळे होतो. इथे मात्र लाइन बरोब्बर त्याच रकान्यापाशी तुंबायला लागली.

आधी कुत्र्यांचं सांगते, कारण मी पण आधी त्यांच्याकडेच बघत बसले होते. एवढी कुत्री एका मैदानात आणि भुंकणं जवळजवळ नाहीच, मला तर पहिली दहा मिनिटं आपल्या कानात काहीतरी झालंय असं वाटलं. आणि गंमत म्हणजे जिकडे बघावं तिकडे कुत्रावेडी माणसं, पण कोणी कोणाच्या कुत्र्याला हात लावत नाही! हार्नेस, म्हणजे कामाचा पट्टा, अंगावर असेल तर कुत्रा ड्यूटीवर, लाड करायचे नाहीत, शुकशुक करायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं पण नाही, कारण त्याचं लक्ष उडालं तर पाय कोणाचा मुरगळणार, तर धरून चालणाऱ्या माणसाचा. सगळे हात पाठीमागे बांधून उभे, मिठाईच्या काचेसमोर उपाशी पोरं उभी असतात तसे. मग एखाद्याने हार्नेस काढला की तोच शिस्तीचा पुतळा गवतावर चारी पाय वर करून लोळतो, ऑफिसातून आल्या आल्या शर्ट काढून पंख्याखाली पसरणाऱ्या माणसासारखा, आणि मग त्याच्याभोवती जी काय गर्दी होते.

तर नातं. एक बाई आल्या, सोबत दुसऱ्या एक बाई, दोघी हसतायत खिदळतायत, एकीने दुसरीचा नंबर इमर्जन्सी म्हणून दिला. मी विचारलं नातं काय लिहू, तर दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कळलं की एकीच्या घरी कुत्र्याची आई राहते. म्हणजे असं की संस्थेची पिल्लं काही संस्थेच्या आवारातच वाढतात असं नाही, ब्रीडिंगची कुत्री सुद्धा बऱ्याचदा कोणाच्या तरी घरात घरच्यासारखी राहते, तिथे तिला पिल्लं होतात, आणि ती सात-आठ आठवड्यांची झाली की वेगवेगळ्या घरांत जातात, आणि ह्या दुसऱ्या बाईंनी त्यातलं एक वाढवलं. एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, त्यामुळे इथे लोक ‘आम्ही म-वाले’, ‘तुम्ही र-वाले का’ अशी ओळख करून घेतात, शाळेची बॅच विचारावी तसं. मग एका पिल्लाची आई सांभाळणारी आणि त्याला वाढवणारी ह्या एकमेकींच्या कोण? मराठीत आपल्याला नात्यांच्या नावांची काय कमी आहे हो, साडू आहे, विहीण आहे, जाऊ आहे, बायकोच्या भावाला वेगळं, नवऱ्याच्या भावाला वेगळं, सगळी सोय आहे. पण ह्यांच्यासाठी काही नाही. मी ‘मैत्रीण’ लिहिलं, त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पुढचे एक काका, त्यांच्याकडे नापास झालेला कुत्रा. नापास म्हणायचं नाही असं मला मागून कोणीतरी लगेच सुनावलं, ‘करिअर चेंज’ म्हणायचं. बरीच पिल्लं शेवटपर्यंत पोचतच नाहीत, कोणाला ट्रॅफिकची भीती वाटते, कोणाचं हिप नीट नसतं, आणि ह्या काकांच्या कुत्र्याला खारुताई दिसली की बाकी जग दिसत नाही. त्याच्याच बरोबरीची बहीण मात्र पास होऊन एका मुलीला कॉलेजात घेऊन जाते. काकांनी इमर्जन्सीला त्या मुलीच्या आईचा नंबर दिला. नातं? काका म्हणाले, आमचा भाऊ त्यांच्या बहिणीचा... आणि मग स्वतःच हसत सुटले.

अजून कोणी ज्याने रिटायर झालेला कुत्रा घेतलाय, नऊ-दहा वर्षांचं झालं की बहुतेकांना कामावरून मोकळं करतात, आणि त्याच्या मूळ माणसाला आता नवा कुत्रा मिळालाय, तर जुनं माणूस, जुना कुत्रा, नवं माणूस आणि नवा कुत्रा चौघं एकत्र चालायला आलेले. ह्याला कुठल्याही भाषेत शब्द असेल असं मला वाटत नाही. एक कर्णबधिर ताई आल्या, त्यांच्या बॅगेत फोन वाजला तो मला ऐकू आला, मी सांगायला तोंड उघडतेय तोवर त्यांच्या छोट्याशा कुत्र्याने पंजाने गुडघ्यावर टकटक केलं आणि बॅगेकडे नेलं. हिअरिंग डॉगचं काम हेच, आवाज झाला की माणसाला स्पर्श करायचा आणि आवाजापाशी न्यायचं. फक्त धुराचा अलार्म वाजला तर न्यायचं नाही, उलट स्पर्श करून तिथेच खाली झोपायचं, म्हणजे माणसाला कळतं की ही भानगड वेगळी आहे, बाहेर पडायला हवं. आगीकडे घेऊन जाऊ नये एवढी अक्कल शिकवावी लागते हे खरं, पण कोणाला तरी आधी ते सुचावं लागलं ना.

मध्ये मला ब्रेक मिळाला तेव्हा मी डोळ्यावर पट्टी बांधून चालायच्या स्टॉलवर गेले, पैसे भरून, कारण सगळंच फंडासाठी. शेजारी ट्रेनर, हातात हार्नेसची दांडी. माझी समजूत अशी की कुत्र्याला ‘चल दुकानात’ म्हटलं की तो नेतो. छे! रस्ता माणसालाच पाठ असावा लागतो, कुठे वळायचं ते माणूस सांगतो, कुत्रा फक्त मधले खड्डे, खांब, पायऱ्या सांभाळतो. सिग्नल पण तो वाचत नाही, लाल-हिरव्यातला फरक कुत्र्यांना तसाही नीट कळत नाही, गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं हे माणूसच ठरवतो. फक्त माणसाचा अंदाज चुकला आणि गाडी येत असली तर ‘पुढे’ म्हटलं तरी तो हलत नाही. हुकूम मोडायचं पण ट्रेनिंग असतं म्हणे, सगळ्यात अवघड तेच. माझ्यासोबतचा कुत्रा मध्येच ठप्प उभा राहिला, मी म्हटलं कंटाळला वाटतं, ओढलं, ट्रेनर शांतपणे म्हणाला पाय पुढे करून बघा. पायरी होती.

येताना खाण्याच्या स्टॉलवर थांबले, तर तिथे लॅब्रॅडॉर लोकांची जी काय ध्यानधारणा चाललेली! २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमधला एक बदल सापडला, त्यामुळे ह्यांची भूक जास्त असते. एकूण लॅब्रॅडॉरमध्ये साधारण चारातल्या एकात तो असतो, पण त्यांनी तपासलेल्या असिस्टन्स डॉगमध्ये ७६ टक्क्यांत निघाला. शक्यता अशी की खाऊ देऊन शिकवायचं तर हावरटच जास्त शिकणार आणि तेच निवडले जाणार. म्हणजे समोर जी सगळी हुशार, सोज्वळ मंडळी बसलेली दिसत होती ती मुळात खादाडांची निवडक टीम होती. मला एकदम आपलेपणा वाटला.

आता पैशाचं. एका कुत्र्यामागे वर्ष-सव्वा वर्षाचं पालनपोषण, मग काही महिने ट्रेनिंग, मग माणसासोबत पुन्हा ट्रेनिंग, खर्च भरपूर येतो आणि बऱ्याच संस्था तो गरजू माणसाकडून घेत नाहीत, म्हणून तर हे वॉक, रॅफल, टी-शर्ट. १९६४ मध्ये बीबीसीच्या मुलांच्या एका कार्यक्रमाने पोरांना दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं आणि फॉइल गोळा करायला सांगून गाइड डॉगसाठी, म्हणजे अंधांना रस्ता पार करून देणाऱ्या कुत्र्यांसाठी, पैसे उभे केले होते. मला त्या घराघरातल्या आया दिसतात, सिंकपाशी झाकणं धुवून वाळत घालणाऱ्या. पण मला जास्त आवडते ती अमेरिकेतली गोष्ट. मॉरिस फ्रँक नावाचा विशीतला अंध मुलगा १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन तिथे कुत्र्यांना ट्रेनिंग देणाऱ्या डॉरथी युस्टिस ह्यांच्याकडून एक जर्मन शेफर्ड घेऊन आला. कुत्रीचं नाव होतं किस. ते चारचौघात हाक मारायला त्याला लाज वाटली म्हणून त्याने तिची बडी केली, आणि न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांच्या डोळ्यांदेखत तिच्यासोबत भर ट्रॅफिकचा रस्ता ओलांडून दाखवला. १९२९ मध्ये दोघांनी ‘द सीइंग आय’ ही संस्था काढली. तिथे कुत्रा फुकट मिळत नाही. पहिल्याचे १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे ५०, हे आकडे १९३०च्या दशकात ठरले ते वाढवलेच नाहीत. खर्चाच्या मानाने ते काहीच नाही, पण घेणाऱ्याला म्हणता यावं की हा माझा, मी पैसे मोजलेत. देणगी घेताना समोरच्याची मान ताठ राहील ही काळजी किती जण करतात, मला नाही माहीत, आपण तर जुनी साडी दिली तरी आठवण करून देतो.

आणि ही माझी मैत्रीण, जिने मला टी-शर्टवर फसवलं. ती पपी रेझर, तिचं हे तिसरं पिल्लू. पपी रेझरचं काम म्हणजे त्याला वर्ष-सव्वा वर्ष सगळीकडे न्यायचं, लिफ्ट, बस, स्टेशन, दवाखाना, जिथे जिथे पुढे कोणाला तरी जावं लागणार तिथे तिथे, आणि ‘बिझी बिझी’ म्हटल्यावर शू करायला शिकवायचं. हसू नका, ज्याला दिसत नाही त्याला कुत्र्याने केव्हा आणि कुठे केली हे कळणं फार महत्त्वाचं असतं. त्या दिवशी मैदानाच्या एका कोपऱ्यात चार सुशिक्षित माणसं गंभीर चेहऱ्याने ‘बिझी बिझी’ पुटपुटत उभी होती. बरं, हे सगळं करून मग पिल्लू परत द्यायचं. ‘कसं गं देववतं’ हे तिला प्रत्येक जण विचारतो, मी पण विचारलंय, आणि ती काहीतरी बोलून विषय बदलते. मला एवढंच माहितीये की पहिली गेल्यावर दीड महिना ती घरात शिरली की चपला उचलून कपाटावर ठेवायची. खाली चावायला कोणी नव्हतं तरी.

ती पहिली त्या दिवशी आली होती. काळी लॅब्रॅडॉर, आता सहा वर्षांची, हार्नेसमध्ये, एका चाळिशीतल्या गृहस्थांना घेऊन. कुत्रा मिळालेल्या माणसाची इच्छा असेल तरच अशी ओळख होते, ह्यांची होती, ते दरवर्षी येतात. मैत्रिणीला मी टेबलामागे कडक उभी राहिलेली बघितली, हाक नाही, काही नाही, कारण ड्यूटी. कुत्रीने पण ओळख दाखवली नाही, सरळ काउंटरपाशी आणून थांबवलं. मग त्यांनी वाकून हार्नेस काढला. ती शांतपणे टेबलाला वळसा घालून आली, मैत्रिणीच्या पायाशी बसली, हनुवटी बुटावर टेकवली आणि लेस चावायला लागली.

“हा कसला आवाज येतोय?” त्यांनी विचारलं.

“लेस,” मैत्रीण म्हणाली, आवाज जरा कापराच होता.

“शक्य नाही. ही कोणाच्याच बुटाला तोंड लावत नाही.”

“हो का,” ती म्हणाली, आणि पाय काही मागे घेतला नाही.

मला फॉर्म भरायचा होता. नाव, फोन, कुत्र्याचं नाव. इमर्जन्सी काँटॅक्टला त्यांनी तिचा नंबर तोंडपाठ सांगितला. मी म्हटलं सॉरी, हा एक रकाना आहे, नातं काय लिहू. सकाळपासून हाच प्रश्न विचारून मी थकले होते आणि उत्तर देणारे पण. त्यांनी क्षणभर पण विचार केला नाही.

“नातेवाईक लिहा. कुत्र्याकडून.”

रकाना छोटा होता. ‘कुत्र्याकडून’ एवढंच मावलं.