पाणी कुठे मुरत होतं

फॅमिली डेच्या आधीचा शुक्रवार म्हणजे आमच्या वर्कशॉपची दिवाळी. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी ही सुट्टी येते, सलग तीन दिवस मोकळे मिळतात आणि अर्धं कॅलगरी बॅन्फच्या डोंगरांकडे निघतं. गेल्या वर्षीच्या त्या शुक्रवारी दुपारी माझ्या बेंचशेजारच्या रॅकमध्ये एकतीस स्नोबोर्ड, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरायच्या फळ्या, उभे होते. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली : एजला धार, वॅक्स (तळ नीट घसरावा म्हणून मुरवायचं मेण), संध्याकाळी सातच्या आत.

मी मूळची कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे कानस लहानपणापासून हातात. शिकायला इकडे आले तेव्हा हिवाळ्यापुरती म्हणून स्नोबोर्डच्या दुकानात लागले आणि मग तिथलीच झाले. बोर्डाच्या तळाला, म्हणजे बेसला, दोन्ही बाजूंनी पोलादाची बारीक पट्टी असते. तीच एज. कठीण बर्फात ती रुतते म्हणून वळता येतं, थांबता येतं. तिला धार लावायची पद्धत बाबांनी शिकवली तीच : कानस एका दिशेनं ओढायची, दाब सारखा ठेवायचा आणि शेवटी बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची कूस, काढायची. एजवरून नख ओढलं आणि नखाची पूड निघाली, की समजायचं, झालं.

साडेतीनच्या सुमारास आईचा फोन आला. "आई, हात मेणात आहेत, रात्री करते," म्हणून ठेवला, तर काउंटरच्या पलीकडून आवाज आला, "ताई, तुम्ही मराठी?"

कराडकडचा मुलगा. वय असेल बावीस-तेवीस. दिवसा कॉलेज, रात्री पेट्रोल पंपावर काम. ऑनलाइन कुणाकडून तरी बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधणारी पकड) आणि बूट असा सगळा जुना संच त्यानं १८० डॉलरला घेतला होता. १९८८च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या कॅनडा ऑलिंपिक पार्कच्या छोट्या उतारावर चार वेळा शिकूनही झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मित्रांबरोबर सनशाइन व्हिलेजला निघायचं, खऱ्या डोंगरावर पहिल्यांदाच. "एवढा गंज काढा, ही चीर भरा आणि वॅक्स करा," तो म्हणाला. पैसे काउंटरवर भरून झाले होते. बोर्ड सोपा दिसत होता म्हणून मी तो रांग मोडून आधी घेतला. आपल्याकडचा मुलगा, हेही कारण होतंच.

गंजाचं मला काही वाटलं नाही. इथं रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. गाडीच्या टपावर बोर्ड बांधून नेला की तो खारट चिखल एजवर उडतो, वर घरी येऊन बोर्ड ओल्या बॅगेतच राहिला तर दोन दिवसांत एज तांबूस होते. वरवरचा गंज खरखरीत रबरी दगडानं पाच मिनिटांत निघतो. लोक घाबरतात ते गंजालाच, कारण तो दिसतो.

बोर्ड उलटा करून व्हाइसमध्ये धरला. बेसच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता.

"घरच्या इस्त्रीनं केलंस?"

"हो ताई. व्हिडिओत बघून. कॉटनवर ठेवली होती."

वॅक्सची इस्त्री वेगळी असते. तिचा पत्रा जाड, त्यामुळे उष्णता एकसारखी राहते, साधारण १२० ते १४० अंशांच्या मध्ये. कपड्यांची इस्त्री क्षणात तापते, क्षणात निवते, आणि कॉटनवर ठेवली तर त्याच्या कितीतरी वर जाते. बेस प्लास्टिकचाच, पॉलिथिनचा, जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर जाड. तो भाजला की वरचा थर मिटून जातो आणि मग वॅक्स शोषत नाही. शिवाय विकणाऱ्यानं त्याला "मस्त फास्ट आहे" म्हणून फ्लोरिनवाल्या वॅक्सची जुनी वडी फुकट दिली होती, आणि बाहेर उणे वीस म्हणून यानं खिडकी बंद ठेवून बाथरूममध्ये ती वितळवली होती. हे ऐकून मला खरोखर राग आला, त्याचा नव्हे, देणाऱ्याचा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४च्या मोसमापासून हे वॅक्स स्पर्धांतून बाद केलं आहे. त्यातली रसायनं निसर्गात विरत नाहीत आणि त्याचा धूर छातीत जाणं वाईटच. वडी तिथेच काढून घेतली.

आता चीर. पुढच्या पायाच्या खाली, एजला लागून, बोटभर लांब. अशी चीर भरायची म्हणजे पॉलिथिनची कांडी मेणबत्तीसारखी पेटवून तिचे थेंब खाचेत सोडायचे, निवले की पातळीत तासायचे. आगपेटी उचलली आणि दिवा जवळ ओढला. खाचेच्या तळाशी बेसचं प्लास्टिक नव्हतं. लाकूड होतं. आणि ते काळं पडलं होतं.

स्नोबोर्ड म्हणजे लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लास आणि राळ, बाहेरून प्लास्टिक. गाभा उघडा पडला की बर्फाचं पाणी आत शिरतं, रात्री गोठून फुगतं, थर सोडवत जातं. मी बोटाच्या पेरानं बेस वाजवायला सुरुवात केली. शेपटाकडे टक, टक, टक. मधे टक. चिरेच्या जवळ आले आणि आवाज बदलला. कलिंगड वाजवून बघतो तसा, पोकळ. दोन्ही अंगठे तिथे ठेवून जोर दिला तर एज आणि बेसच्या फटीतून पाण्याची एक रेघ वर आली. मोत्यासारखे सात-आठ थेंब, ओळीनं. अंगठे काढले तसे ते परत आत गेले.

तोही वाकून बघत होता. "घाम आलाय का त्याला?" त्यानं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. बोर्ड पालथा करून पुढचं बाइंडिंग सोडवायला घेतलं. चार स्क्रू असतात, ते गाभ्यात बसवलेल्या धातूच्या आट्यांत पिळतात. दोन नीट निघाले. उरलेले दोन नुसते फिरत राहिले, स्क्रूबरोबर आतली आटीच फिरत होती. स्कीचं बाइंडिंग पडताना आपोआप सुटतं, तसं बनवलेलंच असतं. स्नोबोर्डचं सुटत नाही; दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले राहतात. वेगात असताना एक पाय आटीसकट उपटला आणि दुसरा अडकून राहिला, तर गुडघ्याचं काय होईल ते सांगायला नको.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात अशीच एक चीर मी भरून दिली होती. वाजवून पाहिलं नव्हतं. घाई होती, चिठ्ठीवर 'चीर भरणे' लिहिलं होतं, मी भरली. वरून इतकी सुबक झाली की बोट फिरवून कळू नये. दोन आठवड्यांनी तो बोर्ड परत आला, बेस केळीच्या सालासारखा लोंबत होता. मी पाण्याला आत कोंडून वर झाकण लावलं होतं. त्या माणसाला इजा झाली नाही, पण तो बोर्ड बघून पोटात जे झालं ते आजही आठवतं.

"हा बोर्ड मी करणार नाही," मी सांगितलं. "आणि तूही उद्या यावर उभा राहू नकोस."

तो आधी हसला, त्याला वाटलं पैसे कमी पडले असतील. मग मी त्याचा अंगठा धरून त्या जागेवर दाबला. थेंब परत वर आले. बराच वेळ तो काही बोलला नाही. १८० डॉलर म्हणजे पंपावरच्या किती रात्री, हे मला विचारायची गरज नव्हती, मीही त्यातूनच गेले आहे. "तसंही मला जमत नव्हतंच ताई," तो शेवटी म्हणाला. "पंजाच्या बाजूला वळता येतं. टाचेच्या बाजूला वळायला गेलं की आदळतो. चार वेळा गेलो, चारही वेळा तेच."

टाचेच्या बाजूला म्हटल्यावर माझी नजर त्याच्या हातातल्या बुटांकडे गेली. "घाल बघू."

नाड्या करकचून बांधल्या, गुडघे वाकवायला लावले आणि मागून टाच धरली. बुटाच्या आत त्याची टाच दोन बोटं वर उचलली जात होती. मोजपट्टीवर उभा केला : पाय साडेसव्वीस सेंटिमीटर. बूट साडेअठ्ठावीसचे. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, जाड मोजे घाल, बसतील. टाचेकडचं वळण म्हणजे टाचेनं एज दाबणं. टाच हवेत लटकत असेल तर आधी बूट हलतो, मग बाइंडिंग, आणि बोर्डाला निरोप पोचेपर्यंत माणूस पाठीवर.

"तुला जमत नव्हतं असं नाही रे," मी म्हटलं. "तुझा पाय बोर्डापर्यंत पोचतच नव्हता."

पहिला बोर्ड घ्यायचा म्हटलं की सगळे चित्रं बघतात, रंग बघतात. मी समोर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते : शंभर रुपये असतील तर आधी बुटांचे बाजूला काढा. बोर्ड भाड्यानं मिळतो, मित्राचा मिळतो. दुसऱ्याच्या पायाचा आकार घेतलेला बूट मात्र आपल्या पायाचा होत नाही. उभं राहिल्यावर बोटं बुटाच्या टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत, टाच अजिबात उचलू नये. दुकानात वीस मिनिटं तसेच घालून फिरावं.

आमच्या मुख्य मेकॅनिकनं, तीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसानं, येऊन एकदा बोर्ड वाजवला, मान हलवली आणि काउंटरला सांगून त्याचे पैसे परत करवले. मागच्या हंगामातले साडेसव्वीसचे बूट निम्म्या किमतीत पडून होते, ते त्याला बसले. बोर्ड दोन दिवसांसाठी भाड्यानं. पाय उजवा पुढे की डावा, ते बघून बाइंडिंग लावून दिली, पुढचा पाय १५ अंश बाहेर, मागचा ६ अंश उलट. ते सगळं होईपर्यंत सहा वाजले. उरलेले बोर्ड संपवायला त्या रात्री मला साडेनऊ झाले.

रविवारी रात्री मेसेज आला. एकच ओळ : "ताई, टाचेवर वळलो. अकरा वेळा."

मेलेला बोर्ड तो दुकानातच सोडून गेला होता. मी त्याला विचारून तो बँडसॉवर आडवा कापला. बाहेरून धड दिसणाऱ्या भागातही आतलं लाकूड गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं, बोटानं उकरलं तर निघत होतं. तो तुकडा आता माझ्या बेंचवर असतो. जुना बोर्ड घ्यायला निघालेल्या माणसाला मी तो हातात देते. मग सांगते, विकणाऱ्याच्या दारात बोर्ड उलटा करा, पूर्ण लांबी वाजवा, एजच्या कडेला अंगठे दाबा, बाइंडिंग काढायला लावा आणि प्रत्येक आटीत स्क्रू पिळून बघा. ओरखड्यांचं काही नाही, आणि गंजाचं तर नाहीच.

एप्रिलमध्ये हंगाम उतरतीला लागला, किमती उतरल्या, तसा तो स्वतःचा बोर्ड घ्यायला परत आला. लांबी उंचीवरून नाही, वजनावरून ठरवली. तो बासष्ट किलोचा, म्हणून १५१ सेंटिमीटर. बोर्डाची कंबर, म्हणजे मधला भाग, इतकी रुंद की बोटं बाहेर लोंबकळून बर्फात घासू नयेत. लवचीक, आणि वितळवून साच्यातून रेटून काढलेल्या साध्या बेसचा. दाबून भाजलेला सिंटर्ड बेस वॅक्स जास्त पितो, पळतोही जास्त, पण त्याची उस्तवार पहिल्या बोर्डाला नको.

वॅक्स त्याच्याकडूनच करून घेतलं. इस्त्रीला मेण टेकवून थेंब सोडायचे, मग इस्त्री चालती ठेवायची, कुठेही थांबायचं नाही. इस्त्रीच्या मागे ओल्या मेणाचा चकाकता पट्टा बोटभर राहिला पाहिजे. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली. "आणि वरच्या बाजूला हात लावून बघत जा," मी सांगितलं, "ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाइतकं लागलं की बास." तो दर फेरीला हात लावून बघत होता. उन्हाळ्यासाठी मेण तासायचं नाही, जाडच ठेवायचं, एजवरूनही फिरवायचं म्हणजे गंज धरत नाही. बाइंडिंगचे स्क्रू सैल करायचे आणि बोर्ड कोरड्या खोलीत ठेवायचा, तळघरातल्या ओलीत नाही.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात त्याचा फोटो आला. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर किसलेल्या नारळासारखा मेणाचा ढीग, आणि बाजूला कोरडा पंचा घडी करून ठेवलेला, एज पुसायला. खाली प्रश्न : "नाकाकडून शेपटाकडेच तासायचं ना?"

मी लिहिलं, हो. आणि खिडकी उघड.